विंगेत हललेले ओठ

जानेवारीतला दुसरा रविवार, दुपार. सकाळपासून बिरड्याचे वाल सोलते आहे. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे, दोन बोटांत धरून दाबायचे, साल मागे राहते आणि दाणा पुढे निसटतो. डोकं न लागणारं काम. म्हणूनच वाईट – डोकं मोकळं राहतं. अर्धे वाल तसेच पाण्यात सोडून, हात पुसून लिहायला बसले आहे.

जे लिहिणार आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. एकदा अगदी तोंडाशी आलं होतं, तेव्हा मी विषय बदलला. विषय बदलण्यात मी हुशार आहे. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर यानंतर ओळख ठेवायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

महाडात माझं गणवेश शिवायचं दुकान आहे. शाळांचे गणवेश, आणि त्याच्या जोडीला नाटकाचे, स्नेहसंमेलनाचे कपडे भाड्याने. नऊवारी, फेटे, हवालदाराची खाकी, डॉक्टरचा पांढरा कोट. महाड-पोलादपूर भागात जे काही रंगमंचावर चढतं, ते बहुतेक माझ्या कपाटातून जातं. कपडे गेले की मागोमाग आमंत्रण येतं. पहिल्या रांगेत खुर्ची. शाल, नारळ. "नाट्यकलेची उत्तम जाण असलेल्या आपल्या शैलाताई" – हे वाक्य ऐकताना मी मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो.

शाळा-कॉलेजांच्या एकांकिकांना परीक्षक म्हणूनही बसते. आवाज, उच्चार, हालचाल, प्रसंगावधान – प्रत्येकाला गुण. मी, आणि प्रसंगावधानाला गुण देणार. तुम्हाला अजून कळलेलं नाही, पण लिहिताना मला शिसारी येते आहे.

आज सकाळचं सांगते, मग मागे जाते.

निशा माझ्याकडे राहते. माझ्या मोठ्या जावेची धाकटी मुलगी. जाऊ म्हणजे अनसूयावहिनी. त्यांचं घर वर वाडीत, पोलादपुराहून उमरठच्या बाजूला जाऊन आणखी चढून. तिथून रोज कॉलेजला येणं शक्य नाही, म्हणून निशा माझ्याकडे. कॉलेजच्या एकांकिकेत तिला मुख्य भूमिका मिळाली आहे. मी तालीम पाहिली. मुलगी चांगली आहे. म्हणजे खरोखर चांगली. इतकी वर्षं या खुर्चीत बसून मला एवढं तरी कळतं.

आज सकाळी वाल सोलायला ती माझ्यासमोर बसली आणि खाली बघत म्हणाली, "काकी, उद्या मी सरांना एकांकिकेला नाही म्हणून सांगणारे."

"का?"

"आई नको म्हणते. ती म्हणते, आपल्याकडे डोक्यात राहत नाही. तिचं झालं तेच माझं होणार. आणि काकी, खरंच होतंय तसं. परवा तालमीत मधेच सगळं पुसलं गेलं. आईवर गेलेय मी."

मी म्हटलं, "साली वेगळ्या टाक. दाण्यात मिसळू नकोस."

हे बोलले मी. सालींबद्दल.

तिच्या आईचं काय झालं होतं? ते वाडीत सगळ्यांना माहीत आहे. फक्त जे झालं ते तसं झालं नव्हतं.

थांबा, नीट सांगते. आधी आमच्याकडची नाटकं कशी होत, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वाडीतली निम्मी माणसं मुंबईत. चैत्रात जत्रेला ती रिझर्व्ह गाडी करून येणार, पालखी नाचवणार, आणि दुसऱ्या दिवशी नाटक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी परत निघायची, म्हणून आमच्याकडे नाटक भर दुपारी व्हायचं, जेवणं आटोपल्यावर. शाळेची बाकं जोडून स्टेज, वर ताडपत्री, बाजूला चादरी बांधून विंगा. उन्हाने ताडपत्री तापायची, रंग वितळून गळ्यापर्यंत यायचा. मिशा चिकटवायच्या स्पिरिट गमचा, घामाचा, तंबाखूचा वास. त्या वासाने आजही मला मळमळतं.

आणि पाठ कुणी करत नसे. करायला वेळ कुठे? मुंबईत दोन-चार तालमी, त्याही आल्यागेल्याच्या. सगळी भिस्त प्रॉम्प्टरवर. विंगेत एक जण पुस्तक धरून बसणार, प्रत्येक वाक्याची सुरुवात सांगणार, मग पात्र ते उचलून पुढे नेणार. पुढे बसलेल्या पोरांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायचं – एकदा विंगेतून, एकदा स्टेजवरून. पोरं तिसऱ्यांदा स्वतः म्हणायची. त्यातला नियम एकच: विंगेतून आवाज आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. कुणी आधीच बोललं की समोरच्याचा दोर तुटे आणि नाटक तिसऱ्याच पानावर जाई.

बायकांची कामं करायला बाहेरची बाई आणत. पूर्वी पुरुषच लुगडी नेसायचे, पुढे मुंबईहून बाई ठरवून आणू लागले. वाडीतली बाई स्टेजवर? कुणाच्या मनातही येत नसे.

मी लग्न होऊन गेले त्याच्या पुढच्या चैत्रातली गोष्ट. मी महाडच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, स्नेहसंमेलनात काम केलेलं, कप मिळालेला. तो कप मी ट्रंकेत घालून सासरी नेला होता. सासूने त्यात काड्यापेट्या ठेवल्या. मला राग आला, मी दाखवला नाही. मला वाटायचं, मी या लोकांतली नव्हे. भाकऱ्या थापते, शेण भरते, पण माझ्यात काही वेगळं आहे, आणि एक दिवस ते यांना दिसेल. असं वाटणाऱ्या बाईइतकी कोत्या मनाची बाई दुसरी नसते. मी ओळखते तिला.

त्या वर्षी गाडी आली. माणसं उतरली, ढोल उतरले, पडद्यांचं गाठोडं उतरलं. बाई उतरली नाही. ठरवलेली बाई ऐनवेळी आलीच नव्हती.

सहदेव आमच्या ओटीवर आला. तो मुंबईत गोदामात कामाला, पण वाडीत आला की नाटकाचा नायक, दिग्दर्शक, सगळं तोच. म्हणाला, "वयनी, तुमी कालेजात नाटका केलीत म्हनं. आता तुमीच वाडीची लाज राखा."

मला हेच हवं होतं. आणि मी काय म्हटलं? "छे, नको. घरच्या सुनेने उभं राहणं बरं दिसत नाही."

का म्हटलं? आग्रह व्हावा म्हणून. आपल्याकडे पानात भात वाढतानासुद्धा पहिल्या 'नको'वर कुणी हात आखडता घेत नाही. सहदेव दुसऱ्यांदा विचारील, सासू म्हणेल "कर गो", मी आणखी एकदा नको म्हणेन, आणि मग – हे सगळं मी मनात ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या 'नको'ला पदर कसा सावरायचा, तेसुद्धा.

तेवढ्यात आतून, चुलीपासून, अनसूयावहिनीचा आवाज आला. "मी केलं तर चालंल काय रे सहदेवा?"

सगळे हसले. सहदेव म्हणाला, "आनि भाकऱ्या कोन थापील?"

"भाकऱ्या थापूनच येते. तुझ्या नाटकाआधी लोकांना जेवाया नको?"

सासू म्हणाली, "करंल तर करू दे. बाहेरच्या बाईपरास घरची बरी."

झालं. एवढ्यात संपलं. मग सहदेव माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "मग वयनी, तुमी पुस्तक धरा. तुमी शिकलेल्या."

तुमच्या लक्षात येतंय का? कुणी माझं काही हिरावून घेतलं नव्हतं. मी पुढ्यातलं ताट सारलं आणि दुसरीने ते घेतलं. एवढंच.

अनसूयावहिनी म्हणजे दुसरीपर्यंत शाळा शिकलेली बाई. अक्षरं लावता यायची, वाचता येत नसे. त्या दिवशी मी तिच्या मागे पुस्तक घेऊन फिरले – चुलीपाशी, गोठ्यात, पाण्यावर. मी वाचायची, ती हाताने काम करत तोंडाने म्हणायची. आपल्या बोलीत म्हणायची – नाही तिथे नाय, आहे तिथे हाय. मी सुधारलं नाही. उद्या लोक हसतील, असं वाटून सुधारलं नाही. हेही तेव्हाच सुरू झालं होतं, पाहा.

नाटक नेहमीचं. चांगली सून, तिच्यावर खोटा आळ, घराबाहेर काढतात, तिसऱ्या अंकात ती परत येते आणि सगळ्यांसमोर उभी राहून बोलते. नाव सांगत नाही. त्या काळची सगळी तशीच असायची.

पहिल्या अंकात लोक थोडे हसले. आपल्या हरीभाऊची बायको पावडर लावून उभी – हसणारच. मग हसू थांबलं. ती अभिनय करत नव्हती, असं म्हणायचा मोह होतो; पण तसं नाही. ती उत्तम अभिनय करत होती. कुठे थांबायचं, कुठे पाठ फिरवायची, तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी दोन शब्द सांगायची, पुढचं वाक्य ती असं उचलायची की ते पुस्तकातलं वाटायचंच नाही. दुसऱ्या अंकात आळ येतो तिथे ती काहीच बोलत नाही, नुसती सासूचा पाय चेपत राहते. ताडपत्रीखाली एवढी माणसं, आणि पोरंसुद्धा गप्प. पुढे बसलेल्या एका म्हातारीने पदर तोंडात धरला होता.

मी हे सगळं विंगेतून पाहत होते. भर दुपार, उजेड लख्ख, प्रत्येक चेहरा दिसत होता. आणि माझ्या मनात काय आलं? अभिमान? दया? माझ्या मनात आलं – हे माझं होतं.

तिसरा अंक. ती परत आली. सहदेव समोर, बाकीची पात्रं बाजूला. तिचं मोठं भाषण. ती पुढे आली, श्वास घेतला, आणि नियमाप्रमाणे विंगेकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मी सुरुवात सांगायची होती.

पुस्तक माझ्या हातात उघडं होतं. बोट ओळीवर होतं. आणि मी – मी ओठ हलवले. आवाज काढला नाही.

हे मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं आहे. पुन्हा लिहिते, म्हणजे नजरचूक वाटणार नाही. मी शब्द न् शब्द ओठांनी म्हटला आणि घशातून काही बाहेर येऊ दिलं नाही. नुसतं गप्प बसले असते तर लोकांना कळलं असतं की चूक विंगेत आहे. एवढं मला त्या क्षणी सुचलं. प्रसंगावधान म्हणतात ते हेच असावं.

ती थांबली. मान थोडी वळवली. मी पुन्हा ओठ हलवले, वर भुवया उंचावल्या – सांगतेय ना, बोल की. तव्यावरची भाकरी उलटायला लागतो तेवढा वेळ गेला असेल. स्टेजवर तेवढा वेळ म्हणजे जन्म जातो. सहदेवाने माझ्याकडे पाहिलं, त्याला हलणारे ओठ दिसले. दातांतून म्हणाला, "बोल गो, वयनी सांगतायत ना!"

मागून शिट्टी आली. मग कुणीतरी मुंबईकर म्हणाला, "चुलीवर इसरलीस काय?" दुसरा म्हणाला, "घरी जा गो, दूध उतू गेलं." हसू फुटलं. मघाशी जी म्हातारी पदर तोंडात धरून होती, तीही हसली. ते मी पाहिलं. अनसूयावहिनीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं विचारत होती. मी तिसऱ्यांदा ओठ हलवले.

मग माझे मोठे दीर, हरीभाऊ, लोकांतून उठले, स्टेजवर चढले आणि तिचा दंड धरून तिला आत आणलं. काहीतरी फेकून द्यावं तसं विंगेत सोडलं.

सहदेव माझ्याकडे वळला. "वयनी, आता तुमीच."

त्या वेळी मी एकदाही नको म्हटलं नाही.

तिच्या अंगावरची नाटकातली शाल मला घ्यायची होती. मी हात पुढे केला, आणि तिने स्वतः ती शाल काढून माझ्या खांद्यावर घातली. माझा पदर मागे अडकला होता, तो सोडवून दिला. कुंकू पुसट झालं होतं, ते बोटाने नीट केलं. मी बाहेर गेले आणि ते भाषण म्हटलं. पुस्तकात होतं तसं, शुद्ध. टाळ्या पडल्या. शेवटी मला नारळ मिळाला – नाटक सावरल्याबद्दल.

सावरल्याबद्दल.

गाडी गेल्यावर भांडी घासताना तिने विचारलं, "शैला, तू सांगत व्हतीस?"

"किती वेळा सांगितलं. तुझंच लक्ष नव्हतं."

"मला ऐकू नाय आलं गो."

"घाबरलीस तू. होतं असं. सगळ्यांना नाही जमत."

ती बराच वेळ राख लावून तेच पातेलं घासत बसली. मग म्हणाली, "असंल."

इतकं सोपं होतं ते.

त्यानंतर वाडीत घरच्या बाईने स्टेजवर जायचं नाव काढलं नाही. पुन्हा बाहेरच्या बाया. आणि एक नवीनच बोलायची रीत पडली. कुणी काही विसरलं, आमटीत मीठ राहिलं, गोठ्याचं दार उघडं राहिलं, की लोक म्हणणार, "अनसूचं नाटक झालं." लहान पोरं म्हणतात. ज्यांचा तेव्हा जन्मही नव्हता ती म्हणतात. हरीभाऊ जेवायला बसले की पहिला घास घेण्याआधी म्हणतात, "मीठ घातलंस, की नाटक केलंस?" रोज. मी त्यांच्या पंगतीला बसून हे ऐकलं आहे. एकदा मी हसलेसुद्धा – लोक हसत होते म्हणून.

आणि ती? ती हळूहळू तशी झाली. बाजाराला निघाली की शेजारणीला म्हणणार, माझं तूच ध्यानात ठेव. बचत गटात बोलायला उभी राहत नाही. मधे ग्रामपंचायतीत बाईसाठी जागा आली, सगळ्या वाडीने तिचं नाव घेतलं, कारण भांडण सोडवायला सगळे तिच्याकडेच येतात. ती म्हणाली, "मला नको बाबा. माझ्या डोक्यात काय राहत नाय. सभेत हसं व्हईल." मी तिथेच होते. तोंडाशी आलं होतं ते तेव्हाच. आणि मी म्हटलं, "वहिनी, यंदा वरीचं पीक कसं आहे?"

माझं मात्र छान चाललं. नवरा बिरवाडीला कारखान्यात लागला, आम्ही खाली आलो, पुढे महाडात दुकान टाकलं. 'नाटक सावरणारी' ही कीर्ती माझ्याआधी खाली पोचली होती. बिरवाडीला खोल्या घेऊन राहणाऱ्या कामगारांनी गणपतीत नाटक बसवलं, त्यांनी मला बोलावलं. राजा कामावरून थेट आलेला, माझ्याकडच्या जरीच्या अंगरख्याखाली कारखान्याचे लोखंडी टोकाचे बूट. सगळे पोट धरून हसले. मी विंगेकडे पाहत होते. सव गावात एकदा प्रॉम्प्टरचा आवाज इतका मोठा, की लोक त्यालाच वन्समोअर देऊ लागले. शेजारची बाई हसून माझ्या अंगावर रेलली. मला घाम फुटला होता. मला आवाज येणारा प्रॉम्प्टर बघवत नाही.

आणि मागच्या वर्षी, महाडच्याच एका शाळेत. मी परीक्षक. आठवीतली मुलगी मधेच अडकली. तोंड कोरडं पडलेलं मला खालून दिसलं. तिच्यासमोरचा मुलगा – साधा, कान मोठे असलेला – शांतपणे म्हणाला, "गप्प बसू नको. तू काय म्हणणार ते मला ठाऊक आहे," आणि तिचं वाक्य आपलं करून बोलून गेला. ती तिथून पुढे चालू लागली. कुणाला कळलंही नाही. मी त्याला प्रसंगावधानाचे पूर्ण गुण दिले. मग बक्षीस समारंभात माईक हातात घेऊन दहा मिनिटं बोलले – रंगभूमीवर आपण एकमेकांना सांभाळायचं असतं, मुलांनो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आले आणि मोरीत ओकले. नवऱ्याला म्हटलं, समारंभातले वडे बाधले.

हे सगळं मी का सांगते? वय कमी होतं, हे खरं आहे. पण वय कमी होतं ते एका दुपारपुरतं. नंतरच्या सगळ्या वर्षांचं काय? रोज एकदा गप्प राहायचं, एवढंच काम होतं, आणि ते मी एक दिवसही चुकवलं नाही.

आता निशा. तालमीत तिचं पुसलं जातं, कारण आपल्या रक्तातच ते आहे असं तिला सांगितलं गेलं आहे. असं काही नाहीच. जे आहे ते माझं आहे.

निशा शेजारच्या खोलीत आहे. वाल अजून पाण्यात आहेत.

*

वरचं रविवारी लिहिलं. हे सोमवारचं.

सकाळी निशाला म्हटलं, "सरांना आज दुपारपर्यंत काही सांगू नकोस."

"का?"

"सांगते आल्यावर." दुकान उघडलं नाही. एसटीने पोलादपूर, तिथून रिक्षा रस्ता संपेपर्यंत, मग चढण.

अनसूयावहिनी गोठ्यात शेण भरत होती. मला पाहून म्हणाली, "अगो, आज सोमवारची? दुकान बंद? कोन आजारी हाय काय?"

"कुणी नाही." मी बसले नाही. बसले असते तर वरीची चौकशी केली असती. उभ्यानेच सांगितलं. त्या दिवशी मी नुसते ओठ हलवले, आवाज काढलाच नाही, मुद्दाम. नंतर तुला खोटं सांगितलं. तू विसरली नव्हतीस, तुला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिच्या हातात शेणाची पाटी होती. ती खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही, गाईकडे पाहत राहिली.

मग म्हणाली, "मला येत व्हतं गो ते."

मला कळलं नाही.

"समदं येत व्हतं. सगळं भाषन. तू बोलली नायस म्हनून थांबले. तू शिकलेली. म्हटलं, हिला ठावं, कवा बोलायचं ते. मग सगळी म्हनाली इसरली. तूबी म्हनालीस. म्हटलं, मग इसरलेच असंन. मला वाटतंय येत व्हतं, पन तसं नसंल."

मी तिला अडखळवलं, एवढंच मला इतकी वर्षं वाटत होतं. ती माझ्यावर विसंबून थांबली होती, तेवढंही मी ओळखलं नव्हतं.

तिने हात धुतले, पदराला पुसले, चोळीतून फोन काढला. "निशा? तुझ्या त्या सरांना हो म्हन. हां. मी सांगते म्हनून. कारन काकी सांगंल तुला घरी आल्यावर. नाय, नाय व्हयाचं तुझं तसं. माझंपन झालं नव्हतं." फोन ठेवला. पाटी पुन्हा उचलली. मी हात पुढे केला, तिने पाटी दिली नाही.

"आत हे बसलेत च्या पीत," ती म्हणाली. "त्यांना सांग. आनि हळू नको. शेजारची ओटी हाय, पलीकडं सहदेवाची आय हाय, तिलाबी ऐकू गेलं पायजे."

मी चपला काढल्या, आत गेले, हरीभाऊंच्या समोर उभी राहिले आणि सगळं पहिल्यापासून मोठ्याने सांगितलं.